शॅकल्टनच्या वाटेवर पुन्हा गेल्याने इतिहास कळतो का?

दर्यावर्दी :
2013 च्या जानेवारीत साहसवीर टिम जार्विस आणि त्याच्या पाच साथीदारांनी 'जेम्स केअर्ड' या होडीची प्रतिकृती अंटार्क्टिकाजवळच्या एलिफंट बेटावरून दक्षिण जॉर्जिया बेटाला नेली. साडेबावीस फुटांची होडी, अंगावर जुन्या धाटणीचे कपडे, दिशा शोधायला सेक्स्टंट, म्हणजे सूर्य-ताऱ्यांची उंची मोजायचं जुनं साधन. पुढे त्यांच्यातल्या तिघांनी डोंगर ओलांडून बेटाच्या दुसऱ्या बाजूचं स्ट्रॉमनेस हे देवमासे पकडणाऱ्यांचं जुनं ठाणं गाठलं. बर्फाने चिरडून 'एन्ड्युरन्स' जहाज बुडाल्यावर, एलिफंट बेटावर राहिलेल्या 22 जणांना सोडवण्यासाठी ब्रिटिश ध्रुव-प्रवासी अर्नेस्ट शॅकल्टनने 1916 मध्ये हाच प्रवास केला होता.

माझं मत स्पष्ट आहे : हे मोठं साहस आहे, पण यातून इतिहास कळत नाही. शॅकल्टन 24 एप्रिलला निघाला, दक्षिणेतला हिवाळा तोंडावर असताना. जार्विस गेला उन्हाळ्यात, आणि सोबतीला मदतीचं जहाज होतं. 1916 मध्ये होडी बुडाली असती, तर एलिफंट बेटावरच्यांना कुणी शोधायला येईल याचा भरवसा नव्हता. ते ओझं घेऊन जार्विसला सुकाणू धरावं लागलं नाही.

शिडाची दोरी :
साफ असहमत. ऋतू आणि जहाजाबद्दल तुम्ही म्हणता ते खरं आहे, पण त्यावरून काढलेला निष्कर्ष उलटा आहे.

1916 मध्ये सहापैकी तिघेच डोंगर चढले : शॅकल्टन, फ्रँक वर्स्ली आणि टॉम क्रीन. सुतार मॅकनिश आणि खलाशी व्हिन्सेंट चालण्याच्या अवस्थेत नव्हते, म्हणून मॅकार्थी त्यांच्याजवळ थांबला. नुसत्या डायऱ्या वाचल्या की हे दोघे कच्चे निघाले असं वाटत राहतं. 2013 मध्ये काय झालं? उन्हाळा, पोटभर खाऊन निघालेली धडधाकट माणसं, तरी सततच्या ओल्या थंडीने पाय असे खराब झाले की चढाईला पुन्हा तिघेच उरले. मॅकनिश-व्हिन्सेंट तर त्याआधी कित्येक महिने बर्फावर, सील आणि पेंग्विन खाऊन जगले होते. त्यांच्याकडे बघायची माझी नजर या मोहिमेमुळे बदलली. हा इतिहास नाही तर काय आहे?

दर्यावर्दी :
मुद्दा वजनदार आहे. पण त्या दोघांना पोलर मेडल (ध्रुवीय मोहिमांसाठीचं ब्रिटिश पदक) नाकारलं गेलं ते पाय खराब झाले म्हणून नव्हे. मॅकनिशने बर्फावर हुकूम मानायला नकार दिला होता, हे शॅकल्टन विसरला नाही. ते कुठल्याही प्रतिकृतीतून कळणार नाही.

उत्तरवारा :
मला वेगळीच काळजी वाटते. आधीच्या एका मोहिमेत, 9 जानेवारी 1909 ला, शॅकल्टन दक्षिण ध्रुवापासून 97 सागरी मैलांवरून मागे फिरला, कारण पुढे गेलो तर चौघेही परत येणार नाही हे त्याला दिसत होतं. आपल्या काळातला साहसवीर हेन्री वर्स्ली (फ्रँक वर्स्ली नव्हे) बरोबर शंभर वर्षांनी, त्याच तारखेला त्या जागी पोचला. पुढे 2015-16 मध्ये तो एकट्याने अंटार्क्टिका ओलांडायला गेला, 900 मैलांहून जास्त चालला, शेवटी मदत मागवली आणि 24 जानेवारी 2016 ला चिलीतल्या पुंता अरेनासच्या इस्पितळात वारला. शॅकल्टनकडून शिकायचं ते मागे फिरणं. पाठलाग करणाऱ्यांना नेमकं तेच सर्वांत जड जातं.

शिडाची दोरी :
हे वर्स्लीवर अन्याय करणारं आहे. मदत मागवली म्हणजे तो थांबलाच होता. उशीर झाला, हे आपण घरात बसून म्हणतो.

मिठागर :
तुम्ही सगळे एकाच बाजूला बघताय. 'एन्ड्युरन्स'च्याच मोहिमेतली दुसरी तुकडी अंटार्क्टिकाच्या पलीकडे, रॉस समुद्राच्या बाजूने, खंड ओलांडून येणाऱ्या शॅकल्टनसाठी अन्नाचे साठे लावत होती. मे 1915 मध्ये त्यांचं 'अरोरा' जहाज वादळात नांगर तुटून वाहून गेलं आणि दहा माणसं किनाऱ्यावर अडकली. तरी त्यांनी माउंट होप डोंगरापर्यंत साठे लावले. शॅकल्टन तिकडे आलाच नाही. त्यांच्यातले स्पेन्सर-स्मिथ, मॅकिंटॉश आणि हेवर्ड मरण पावले. ज्या वाटेवर सुटका आहे तिचीच लोकांना ओढ, हे मला खटकतं. शेवटी त्या 22 जणांना उचललं तेही चिलीच्या 'येल्चो' जहाजाने, त्याचा कप्तान लुईस पार्दोने, 30 ऑगस्ट 1916 ला. त्याची वाट कोण गिरवतं?

दर्यावर्दी :
मिठागर, पूर्ण सहमत. आणि जार्विसच्या होडीचं नावही 'अलेक्झांड्रा शॅकल्टन', शॅकल्टनच्या नातीचं. 1916 मध्ये स्लेजच्या पट्ट्या, खोक्यांची झाकणं आणि कॅनव्हास जोडून उघड्या होडीवर डेक चढवला तो मॅकनिशने. तो डेक नसता तर होडी दक्षिण महासागराच्या लाटांत टिकली नसती. प्रतिकृती काढायची असेल, तर नाव त्याचं लावा.