मदत हवी आहे: २१४७४८३६४७ ही संख्या मूळ आहे की संयुक्त?

मंदार_क: २१४७४८३६४७, म्हणजे २ चा ३१ वा घात वजा १, ही मूळ संख्या असल्याचे गणितज्ञ ऑयलर यांनी १७७२ साली दाखवले, असे सगळीकडे वाचायला मिळते. माझा प्रोग्राम मात्र आतापर्यंत दिलेल्या लहान संख्यांची उत्तरे बरोबर देऊन नेमकी हीच संख्या संयुक्त ठरवतो. उद्या तासाला ती मुलांपुढे मांडायची आहे, तेव्हा कृपया लवकर सांगावे.

रेवा: प्रोग्राम कोणत्या भाषेत आहे आणि तो भाजक कोणता दाखवतो? एवढे कळल्याशिवाय काही सांगता येणार नाही.

घातांक: भाजक शोधायचेच कशाला? लुकास-लेमर चाचणी वापरा. ४ पासून सुरुवात करावी, दर वेळी वर्ग करून २ वजा करावेत आणि या संख्येने भागून बाकी तेवढी ठेवावी. २९ पायऱ्यांनंतर शून्य उरले की संख्या मूळ. मर्सेन संख्यांसाठी, म्हणजे २ चा एखादा घात वजा १ अशा संख्यांसाठी, मी दुसरे काही वापरतच नाही.

जुना_मास्तर: घातांक यांच्याशी असहमत. दहा अंकी संख्यांचे वर्ग फळ्यावर कोण करणार, आणि शून्य आले म्हणजे मूळ, हे मुलांनी नुसत्या विश्वासावर का मानावे? ऑयलर यांची वाट समजण्याजोगी आहे. या संख्येचा कोणताही मूळ भाजक घेतला, तर त्याने २ च्या ३१ व्या घाताला भागल्यावर बाकी १ उरते. ३१ मूळ असल्यामुळे फर्माच्या प्रमेयानुसार (२ चा, विषम मूळ भाजकाहून १ ने कमी असलेला घात घेतला तरी बाकी १ च उरते) त्या भाजकातून १ वजा केल्यावर ३१ ने, आणि भाजक विषम असल्यामुळे ६२ नेही, निःशेष भाग जातो. शिवाय २ च्या १६ व्या घाताचा वर्ग केला तर बाकी २ येते, आणि असे घडायचे तर त्या भाजकाला ८ ने भागल्यावर १ किंवा ७ च उरावे लागतात. दोन्ही अटी जुळवल्या की २४८ च्या पटीत १ किंवा ६३ मिळवून येणाऱ्या संख्याच शिल्लक राहतात. वर्गमूळ ४६३४० च्या किंचित पुढे असल्याने, ६३ सोडता, ३७२ संख्या तपासायच्या, आणि त्यांतल्याही संयुक्त आधीच गाळता येतात.

आकडेप्रेमी: अवांतर: ऑक्टोबर २०२४ मध्ये जाहीर झालेली २ चा १३६२७९८४१ वा घात वजा १ ही मूळ संख्या ४१०२४३२० अंकी आहे, आणि तिच्यावर शिक्कामोर्तब लुकास-लेमरनेच झाले.

रेवा: विचारलेला प्रश्न प्रोग्रामचा आहे. मंदार, भाजक?

मंदार_क: भाषा जावा, सर्व चल इंट (३२ बिटांचा पूर्णांक) प्रकारचे. भाजकाचा वर्ग दिलेल्या संख्येहून मोठा होईपर्यंत लूप चालते. बऱ्याच वेळाने २१४७४८३६४७ हाच भाजक छापला जातो.

रेवा: मग उलगडा झाला. इंटमध्ये मावणारी सर्वांत मोठी संख्या हीच आहे, त्यामुळे कोणताही वर्ग तिच्याहून मोठा ठरूच शकत नाही. ४६३४१ चा वर्ग २१४७४८८२८१ आहे, पण इंटमध्ये न मावल्यामुळे तो उणे बाजूला वळून उणे २१४७४७९०१५ होतो. लूप पुढे चालतच राहते, भाजक त्या संख्येपर्यंत पोहोचतो आणि स्वतःनेच भाग गेल्यामुळे ती संयुक्त ठरते. भाजकाचा चल लाँग (याहून मोठ्या संख्या मावणारा प्रकार) करा, लूप ४६३४१ वर थांबेल.