जनता गप्प बसली नव्हती

'लष्कर आलं की शिस्त लागते, म्यानमारची जनताही गप्पच बसली की' अशी एक प्रतिक्रिया वाचली आणि राहवलं नाही.

अहो, गप्प कुठं? नोव्हेंबर २०२० च्या निवडणुकीत म्यानमारच्या नेत्या आंग सान सू ची यांच्या पक्षानं ३९६ जागा जिंकल्या. १ फेब्रुवारी २०२१ ला नवी संसद भरायची होती, त्याच पहाटे लष्करानं त्यांना ताब्यात घेतलं आणि सत्ता बळकावली. दुसऱ्या रात्री आठ वाजता यांगूनमध्ये घराघरांतून पातेली, ताटल्या, डबे वाजायला लागले. घरातली इडापिडा हाकलायला तिकडं अशीच भांडी बडवतात. सरकारी दवाखान्यांतल्या डॉक्टरांनी काम थांबवलं, मागोमाग शिक्षक आणि रेल्वे कामगार. राजधानी नेपिडोत निदर्शनात डोक्याला गोळी लागलेल्या मुलीचा विसावा वाढदिवस बेशुद्धीतच गेला, आणि ती गेली.

त्या आठवड्यात मी कोल्हापूरच्या लक्ष्मीपुरी बाजारात उडीद घ्यायला गेलो होतो. दुकानदारानं पोत्यातला मूठभर उडीद तळहातावर घेतला आणि म्हणाला, "बर्मात गडबड झालीय, भाव चढणार बघा." बर्मा म्हणजे हाच म्यानमार, आपल्याकडं उडीद तिकडूनच येतो. बाकी कुणी काही बोललं नाही. मीही भावच विचारला. ते आजही मनाला लागतं.

रोहिंग्यांच्या, म्हणजे तिथल्या अल्पसंख्याक मुस्लिमांच्या बाबतीत सू ची चुकल्याच, असं माझं स्पष्ट मत आहे. पण त्याचा जाब मतदारांनी विचारायचा, रणगाड्यांनी नव्हे. पगारावर पाणी सोडून रस्त्यावर उतरलेल्यांना 'गप्प बसले' तेवढं म्हणू नका.