रिमोट ॲप उघडत नाही? 'आधी फायरवॉल बंद करा' हा सल्ला आता बंद करा

खटपट्या
परवा एका सीएच्या ऑफिसात प्रिंटरसाठी गेलो होतो. अकाउंटिंगचं सॉफ्टवेअर सर्व्हरवर, सहा जण आपापल्या पीसीवरून रिमोट ॲपने वापरतात. बघतो तर सर्व्हरची फायरवॉल, म्हणजे नको त्या जोडण्या अडवणारी राखण, सताड बंद! तीन आठवड्यांपूर्वी ॲप उघडेना म्हणून कोणीतरी ती बंद करून, पैसे घेऊन गेला होता. मी चालू केली, सहाही जण बाहेर.
खरी भानगड वेगळीच होती. लाइट जाऊन आली की सर्व्हर आधी उठायचा, डोमेन कंट्रोलर (ऑफिसच्या नेटवर्कची, म्हणजे डोमेनची, ओळखपाळख सांभाळणारा दुसरा सर्व्हर) मागाहून. डोमेन सापडेना म्हणून विंडोजने ते नेटवर्क 'पब्लिक', म्हणजे परकं, ठरवलं, आणि फायरवॉलमध्ये रिमोट डेस्कटॉपची (ते ॲप त्यावरच चालतं) परवानगी होती फक्त डोमेन आणि प्रायव्हेटला. नेटवर्क कार्ड डिसेबल करून परत इनेबल केलं, संपला विषय.

फील्डवाले नाना
असहमत. तुम्ही प्रिंटरच्या निमित्ताने निवांत गेलात. माझ्यासमोर जीएसटीची 20 तारीख असते आणि सहा माणसं हाताची घडी घालून उभी असतात. 30 सेकंद फायरवॉल बंद केली की दोष तिचा की नाही ते कळतं. बंद ठेवून निघून जाणारा चुकला, त्याचं खापर पद्धतीवर कशाला?

खटपट्या
नाना, ते 30 सेकंद बंद न करताही कळतं. पीसीवर पॉवरशेल उघडा, टेस्ट-नेटकनेक्शन या कमांडला सर्व्हरचं नाव आणि पोर्ट 3389 (रिमोट डेस्कटॉपचं ठरलेलं दार) द्या. झटकन नकार आला तर बहुतेक तिकडे सेवाच चालू नाही. ताटकळून हात हलवत परत आला तर वाटेत कोणीतरी डेटाचं पॅकेट गिळतंय, तेव्हा फायरवॉलचे नियम बघा.

जमाखर्च
मी त्या सहांसारखीच एक. आम्हाला फोनवर 'पिंग करा' सांगतात. पिंग येतो, ॲप काही येत नाही!

खटपट्या
ताई, पिंगला पोर्टच नसतो. सर्व्हर जागा आहे एवढंच त्यातून कळतं, आणि फायरवॉलने पिंग अडवला असेल तर तेही नाही.

रात्रपाळी
नानांना एक प्रश्न. राउटरवरून 3389 बाहेर उघडा नाही, हे बंद करण्याआधी बघता का? 2019 मध्ये सापडलेल्या ब्लूकीप या रिमोट डेस्कटॉपमधल्या भगदाडातून घुसायला पासवर्डही लागत नव्हता. माझ्याकडे एकदा आयपी टाकला की उघडायचं, नावाने नाही. मदरबोर्डचा सेल गेल्यामुळे पीसीचं घड्याळ मागे पडलं होतं. नावाने जोडताना डोमेनमध्ये ओळख तपासतो तो केर्बेरॉस, आणि तो घड्याळातला साधारण पाच मिनिटांच्या फरकापर्यंतच सांभाळून घेतो. तिथे फायरवॉल बंद करून काय मिळालं असतं?

फील्डवाले नाना
निदान ती निर्दोष आहे हे तरी कळलं असतं! राउटरचं मात्र मान्य, तो मी नेहमी बघत नाही. पण खटपट्या, पुन्हा लाइट गेली की काय? दर वेळी कार्ड डिसेबल करायला जाणार?

खटपट्या
खरं औषध यूपीएसची बॅटरी, ती साहेब पुढच्या महिन्यात घेणार आहेत. तोवर सर्व्हरवर कागद चिकटवलाय: 'लाइट आल्यावर आधी डावं बटण (डोमेन कंट्रोलर). पाच मिनिटांनी उजवं (सर्व्हर).'

फील्डवाले नाना
कागद पडला की फोन मलाच येणार.