फोटो हलून राहिले, संध्याकाळी तान्हा पोळा आहे!

खामल्याचा_बाळ्या: सकाळी मारबतीच्या पुतळ्यांची मिरवणूक बघायला नागपूरच्या इतवारीत गेलो होतो. दीडशेच्या वर फोटो काढले, एकही धड नाही. पिवळी मारबत एकदम समोरून गेली, तरी चेहरा पुसल्यासारखा. कॅमेरा अजिबात हलवला नाही. संध्याकाळी भाचा लाकडी बैल घेऊन निघते, ताईनं बजावून ठेवलंय. शटर किती ठेवू, म्हणजे सेकंदाचा कितवा भाग? फक्त आकडा सांगा. लवकर.

महालकर: कॅमेरा कोणता, लेन्स कोणती, शटर किती होतं? काहीच न सांगता आकडा कुठून आणू भाऊ?

वर्धा_रोड: ५० एमएमची एफ १.८ लेन्स घेऊन टाक. मी घेतली तेव्हापासून दुसऱ्या लेन्सला हात नाही लावला.

खामल्याचा_बाळ्या: आज संध्याकाळी म्हणालो ना! दुकानात जाऊ की पोळ्यात?

जुना_फोटोवाला: ट्रायपॉड. बाकी सब झूट.

महालकर: मारबतीच्या गर्दीत ट्रायपॉड उभा करून दाखवा काका, आम्ही तुमचाच फोटो काढतो.

खामल्याचा_बाळ्या: कॅनन १५००डी, ५५-२५०. शटर १/६० दिसून राहिलं, एफ (लेन्सचं तोंड) ८, आयएसओ (उजेड पकडायचा आकडा) १००. वाढवला की फोटोत दाणे येतात म्हणून मुद्दाम कमी ठेवला.

महालकर: आणि झूम?

खामल्याचा_बाळ्या: पूर्ण.

महालकर: मग काय होईल बे! हातात धरून २५० ला निदान १/२५० पाहिजे. तुझा सेन्सर लहान, १.६ नं गुण, म्हणजे १/४००. आयएसओ ८०० केला असता तर तेवढ्याच उजेडात १/५०० मिळालं असतं. दाणे परवडले.

निवांत: हा नियम फिल्मच्या जमान्यातला. त्या लेन्समध्ये स्टॅबिलायझर आहे, १/६० आरामात चालते.

महालकर: स्टॅबिलायझर आपला हात सांभाळते, नाचणारं पोट्टं नाही. बाळ्या, फोटो मोठा करून मागच्या दुकानाची पाटी बघ. पाटीही पुसट असेल तर हात हलला. पाटी स्वच्छ अन् माणसंच पुसट, तर माणसं हलली.

तर्रीप्रेमी: इतवारीत गेला होता तर पोहे कुठं खाल्ले?

खामल्याचा_बाळ्या: पाटीची अक्षरं दोन-दोन दिसून राहिली. आणि... स्टॅबिलायझरचं बटण बंद आहे. मागं ट्रायपॉडवर चंद्र काढताना मीच बंद केलं होतं.

निवांत: सांगत होतो!

जुना_फोटोवाला: म्हणजे चंद्राला ट्रायपॉड लागलाच.

महालकर: चालू कर, पण त्याच्या भरवशावर राहू नको. डायल टीव्ही (Tv) वर, म्हणजे शटर तू ठरवशील. १/२५० ठेव, आयएसओ ऑटो. झूम ५५ वर, अन् तूच जवळ जाऊन खाली बस. एफचा आकडा लहान तेवढा उजेड जास्त: ५५ ला एफ ४ मिळते, २५० ला ५.६ च. अंधारलं तर १/१२५, पण पोरगं थांबलं की मगच दाब.

खामल्याचा_बाळ्या: (रात्री) दहा-बारा फोटो लख्ख आले! चेहरा, टोपी, मिशीसुद्धा. फक्त दोरी आली अन् बैल फ्रेमच्या बाहेर राहिला. ताई विचारून राहिली, बैल कुठाय?

वर्धा_रोड: ५० एमएम घेतली असती तर मावला असता.