मदत हवी आहे: झोळी, स्प्रिंगचा झोका की लाकडी पाळणा?

नमस्कार मंडळी,

मुलगी साडेतीन महिन्यांची, वजन पावणेसहा किलो. बाळंतपणाला माहेरी होते. तिथे आढ्याला आजीच्या नऊवारीची झोळी, दोन झोके दिले की बाईसाहेब गार. आता पुण्याला परतलो आणि सगळी घडी विस्कटली. भाड्याचा फ्लॅट, छताला पंख्याच्या हुकाशिवाय काही नाही आणि घरमालक भिंतीला खिळासुद्धा ठोकू देत नाहीत.

शेजारणीने तिचा स्टँडवरचा स्प्रिंगचा झोका दिला. झोप लगेच लागली, पण वाकून पाहिलं तर पोर मधोमध गोळा झालेली आणि हनुवटी छातीला टेकलेली. मध्ये बोट घालून पाहिलं, जाईना. तशीच उचलली. सासूबाई म्हणाल्या, "माझी तिन्ही पोरं झोळीतच वाढली."

नणंद अमेरिकेहून विजेवर चालणारा पाठवते म्हणते. तो आरामखुर्चीसारखा तिरका. डॉक्टर म्हणतात, रडणं थांबवायला ठीक, पण झोप लागली की सपाट गादीवर, पाठीवर ठेवा. अहो, पण खाली ठेवलं की ही टक्क जागी! मग झोक्याचा उपयोग काय?

सपाट तळाचा लाकडी पाळणा कोणी वापरलाय का? घेताना काय बघायचं?

प्रतिसाद १

बोट घालून पाहिलंत ते फार बरं केलंत. या वयात मान पुरती धरलेली नसते. डोकं पुढे झुकलं की श्वासाची वाट दबते, आणि अशा वेळी बाळ ओरडतही नाही. अमेरिकेत 2022 साली कायदा झाला, 10 अंशांहून जास्त तिरकी अशी बाळाला झोपवायची साधनं विकायला बंदी. नणंदबाईंचा झोका त्यात येत नाही, कारण तो झोपेसाठी म्हणून विकतच नाहीत. म्हणजे डॉक्टरांचंच खरं.

पाळणा घ्या. कठड्याच्या दोन पट्ट्यांत 6 सेंमीपेक्षा जास्त फट नको. गादी कडक आणि कडेला घट्ट बसणारी. झोका थांबवायची खीळ हवीच. लोड, उशा, बारशाला आलेली मोहरीची उशी, सगळं बाहेर. खेळण्याची दोरी हाताला लागेल इतकी खाली नको. आणि पालथी पडायला लागली की पाळणा माळ्यावर. आमचा जेमतेम दोन महिने चालला, म्हणून नवा घेण्यापेक्षा नात्यात कोणाकडे पडून आहे का ते विचारा. फक्त सांधे हलवून बघा.

धागाकर्ती

आत्याकडे निघाला एक, रविवारी आणतोय. खाली ठेवताना जागी होते त्याचं काय करू?

प्रतिसाद २

आधी पाय टेकवा, मग ढुंगण, सगळ्यात शेवटी डोकं. आणि छातीवरचा हात लगेच काढू नका.