पाऊस आणि गोठवणारी थंडी: सेमी ऑटो रायफलवर भरवसा ठेवावा का?

उत्तरेचा_वारा:
मंडळी, इथे शिकार करणारं कोणी आहे का? मी विस्कॉन्सिनच्या उत्तरेला, हेवर्डजवळ असतो. हंटर एज्युकेशनचा कोर्स, लायसन्स सगळं रीतसर आहे. सासरे इथलेच, त्यांनी त्यांची जुनी गॅसवर चालणारी सेमी ऑटो रायफल (गोळीच्या गॅसच्या जोरावर पुढचं काडतूस आपोआप भरणारी), थर्टी-ऑट-सिक्स कॅलिबरची, मला दिलीय. थँक्सगिव्हिंगच्या आधीच्या शनिवारी नऊ दिवसांचा गन सीझन सुरू होतो ना, तेव्हाची गोष्ट. पहिल्या दिवशी पहाटेपासून भुरभुर पाऊस, दुपारी त्याचाच बर्फाळ चिखल व्हायला लागला, रात्री सगळ्यांच्या रायफली केबिनमध्ये शेगडीजवळ सुकत ठेवलेल्या, आणि सकाळी बाहेर 15 फॅरनहाइट (साधारण उणे 9 सेल्सियस). ट्री स्टँडवर, म्हणजे झाडावरच्या मचाणावर, तास-दोन तास बसल्यावर मोठा बक (नर हरीण) समोर आला, अगदी आडवा उभा, घोडा दाबला आणि नुसतं टक्. गोळी सुटलीच नाही. नंतर राउंड, म्हणजे काडतूस, बघितला तर बुडाच्या प्रायमरवर (ठोका बसला की पेटणारी टोपी) खड्डा आहे पण अगदी उथळ, नखाला जेमतेम लागेल इतका. आता प्रश्न असा की सेमी ऑटोची जातच या हवेला चालत नाही का? विकून बोल्ट ॲक्शन घेऊ का, म्हणजे नळीचं मागचं तोंड बंद करणारा बोल्ट दर गोळीला हाताने मागे-पुढे करायची रायफल? कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, मला एकूण प्रकाराबद्दल विचारायचंय.

अल्बर्टावासी:
विका आणि बोल्ट घ्या, माझं स्पष्ट मत. कॅनडाचे रेंजर्स, म्हणजे आर्क्टिकमधल्या गावांतून गस्त घालणारे लोक, 1947 पासून सत्तरेक वर्षं ली-एनफील्ड नंबर 4 वापरत होते, आणि ती बदलायची वेळ आली तेव्हाही सेमी ऑटो घेतली नाही, सी-19 घेतली, जी फिनलंडच्या टिक्का टी-3-एक्सवर बेतलेली बोल्ट ॲक्शनच आहे. ग्रीनलंडमध्ये कुत्र्यांच्या स्लेजवरून फिरणारी डेन्मार्कची सिरियस तुकडी, तिच्याकडे कित्येक दशकं 1917 मॉडेलची एनफील्ड. कारण साधं आहे. बोल्ट अडकला तर तुम्ही हाताचा जोर लावू शकता, सेमी ऑटोमध्ये सगळं काम स्प्रिंग आणि गॅसच्या भरवशावर. बर्फाचा एक पापुद्रा मध्ये आला की संपलं.

गोथेनबर्गची_वाट:
अल्बर्टावाले म्हणतात ते उणे चाळीससाठी खरं आहे, पण महिनाभर वस्तीपासून लांब राहणाऱ्या गस्तीची गरज वेगळी आणि संध्याकाळी केबिनला परतणाऱ्या शिकाऱ्याची वेगळी. आमच्याकडे स्वीडनच्या दक्षिणेला एल्कचा (अमेरिकेत ज्याला मूस म्हणतात) सीझन ऑक्टोबरपासून, म्हणजे शून्य सेल्सियसच्या आसपासचं तापमान आणि न थांबणारा पाऊस. आमच्या गटात ब्राउनिंग बार ही गॅसवरची सेमी ऑटो वापरणारे बरेच आहेत, हे मॉडेल 1967 पासून आहे, आणि सांभाळलेली असेल तर नीट चालते.

वाऱ्या, तुमचा उथळ खड्डा खूप काही सांगतोय. काडतूस बहुतेक ठीक असणार, प्रायमरवर आदळणाऱ्या फायरिंग पिनचा ठोसाच कमी पडलाय. त्याची मला दोन कारणं दिसतात. एक, जुन्या बंदुकीत वर्षानुवर्षं तेल ओतलेलं असतं, ते फायरिंग पिनच्या भोकात जाऊन बसतं आणि थंडीत थिजलेल्या तुपासारखं होतं. त्यात शेगडीची भर. गारठलेलं लोखंड ऊबदार खोलीत आणलं की हवेतलं बाष्प त्यावर जमतं, बाहेरून पुसता येतं पण बोल्टच्या आत कोण पुसणार? सकाळी तेच पाणी पिनभोवती गोठतं. दुसरं कारण म्हणजे बोल्ट पूर्ण बंद झाला नसणं. स्टँडवर चढल्यावर राउंड चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या मागच्या खोबणीत, कसा भरला होतात?

उत्तरेचा_वारा:
हरणांना आवाज जाऊ नये म्हणून बोल्टचा हँडल हातात धरून हळूच पुढे सोडायचा, सासऱ्यांची पहिल्यापासूनची पद्धत, मलाही तीच शिकवलीय. त्याने फरक पडतो?

गोथेनबर्गची_वाट:
पडतो, खूप पडतो! बोल्ट ॲक्शनमध्ये हँडल खाली दाबून लॉक तुम्ही स्वतः करता. बारसारख्या रायफलमध्ये बोल्टचं डोकं फिरून त्याचे सात लग्स, म्हणजे दात, खाचांत बसायचे असतात आणि ते काम स्प्रिंगच्या पूर्ण झटक्याचं. हळू सोडला आणि त्यात तेल घट्ट झालेलं, की बोल्ट केसभर मागे राहतो, डोळ्याला बंदच दिसतो. मग पिनला ठोकणाऱ्या हॅमरचा अर्धा जोर बोल्ट पुढे ढकलण्यातच जातो आणि पिनला उरलासुरला मिळतो. त्यामुळे बोल्ट पूर्ण मागे ओढायचा आणि सोडून द्यायचा, खाड् आवाज झाला तर होऊ दे, उजाडायच्या बऱ्याच आधी चढून बसा म्हणजे जंगल परत शांत होतं. त्यानंतर हँडलला अंगठ्याने पुढे एकदा दाबून बघा.

आणि सीझनआधी बोल्ट उघडून पिन आणि तिची जागा सॉल्व्हंटने कोरडी ठक्क करा. उघडायची सवय नसेल तर गनस्मिथकडे द्या, जुन्या बंदुकीत ते बरंच. घासणाऱ्या भागांवर थंडीसाठीचं पातळ तेल, तेही फडक्याने लावून पुसून घेतलेलं.

डुलुथकर_काका:
थोडं माझंही. रायफल रात्री केबिनच्या आत आणूच नका, कुलूप लागणाऱ्या थंड शेडमध्ये रिकामी करून ठेवा. आणायचीच झाली तर बंदुकीच्या केसची (पिशवीची) चेन बंद ठेवून आणा, तासा-दोन तासांत हळूहळू ऊब घेऊ द्या, मगच उघडा, आणि एकदा आत आणली की पूर्ण सुकवल्याशिवाय परत बाहेर नाही. गॅसच्या जोराने बोल्ट मागे ढकलणाऱ्या पिस्टनवर काजळी आणि ओल एकत्र आली की गंज धरतो, म्हणून ओल्या दिवसानंतर पुढचा लाकडी भाग काढून तिथे पुसा. मॅगझिनमधले राउंडही बाहेर काढून पुसा, खाली साचलेलं पाणी गोठलं की ते वर येत नाहीत. नळीच्या तोंडावर इलेक्ट्रिकलच्या चिकटपट्टीचा एक तुकडा लावा, गोळीच्या पुढची हवाच ती उडवते. पण नळीत बर्फ शिरला असेल तर बंदूक रिकामी करून आरपार बघितल्याशिवाय गोळी चालवायची नाही म्हणजे नाही, नळी फाटते.

एक गोष्ट कोणी बोललं नाही म्हणून कळकळीने सांगतो. टक् झाल्यावर लगेच बोल्ट ओढू नका. कधी कधी प्रायमर उशिरा पेटतो. नळी सुरक्षित दिशेला धरून अर्धा मिनिट तरी थांबायचं, मी पूर्ण मिनिट थांबतो, हरीण गेलं तर जाऊ दे.

उत्तरेचा_वारा:
खूप आभार सगळ्यांचे. सध्या विकत नाही. आधी गनस्मिथकडून बोल्ट साफ करून घेतो, मग जानेवारीत पारा शून्य फॅरनहाइटला (साधारण उणे 18 सेल्सियस) आला की रात्रभर गॅरेजमध्ये ठेवून थेट रेंजवर नेतो. तिथे एकदा जरी टक् झालं तर मात्र बोल्ट ॲक्शन, कारण जखमी हरीण अंधारात शोधत फिरायची वेळ मला आणायची नाही, आणि दुसरा राउंड वेळेवर सुटला नाही तर ती येतेच.