कोठडीतील मृत्यू : अहवालाची वाट बघत बसू नका
कोठडीत कुणी दगावलं की ‘आधी पीएम (शवविच्छेदन) रिपोर्ट येऊ द्या, मग तक्रार करा’ असा सल्ला दिला जातो, तो पटला नाही. व्हिसेराच्या (मृताच्या अंतर्गत अवयवांच्या नमुन्यांच्या) तपासणीला महिनोन्‌महिने लागतात.

तुरुंगातला मृत्यू संशयास्पद वाटत असेल, तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 196(2) नुसार न्यायदंडाधिकाऱ्यांच्या चौकशीसाठी लेखी अर्ज द्या आणि पोचेवर शिक्का, तारीख घ्याच. चौकशीला नातेवाइकांना हजर राहता येतं. हे सहसा कुणी आपणहून सांगत नाही. न्यायदंडाधिकाऱ्यांऐवजी तहसीलदारांच्या चौकशीवर भागवू पाहतात, तिथे अडून बसा.

शवविच्छेदनाचं चित्रीकरण मागा. मृतदेह ताब्यात घेताना पाठ, तळपाय, मनगटं यांचे फोटो काढा. दहन झालं की दुसरं शवविच्छेदन विसरा. मानवी हक्क आयोगाकडे तक्रार करायची मुदत घटनेपासून एक वर्षच.